उजव्या हाताचा धडा

आमच्या शेजारी राहणारे सर पांढुर्ण्याच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवत. मीही त्याच शाळेत गणित शिकवत होतो. बोलताना ते मधेच थांबून "समजून राहिलं ना?" असं विचारत, अगदी बाजारात संत्री घेतानासुद्धा.

राज्यांची नवी रचना झाली त्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि पाय लुळे पडले. आता सरांची शाळा सुटली, असं सगळ्यांनीच धरलं. पण काही महिन्यांनी ते काठी टेकत वर्गात आले. त्यांना शिकवणं जमतं का, ते पाहायला हेडमास्तर मागच्या बाकावर बसले. मी दाराशी उभा राहिलो.

सरांनी डाव्या हाताने फळ्यावर मेंदू काढला, जरा वाकडाच. त्याच्या डाव्या बाजूला एक ठिपका दिला.

"इथं माझं रक्त अडलं. मेंदूची ही डावी बाजू उजव्या अंगाले हुकूम देते. तो पाठीच्या कण्यातून खाली येते आणि मज्जातंतू त्याले हातापर्यंत नेतात. माझा हात चांगला आहे, त्याले हुकूमच मिळून नाही राहिला. समजून राहिलं ना?"

एका मुलीने विचारलं, "मंग तुम्ही काय करता, सर?"

"हुकूम देत राहतो. एखादी दुसरी वाट सापडंल त्याले."

मग ते टेबलावर ठेवलेल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळाने अंगठा किंचित हलला.

पहिली टाळी हेडमास्तरांनी वाजवली. सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला, तशी सरांनी मान वर केली.

"गप्प राहा," ते म्हणाले. "अजून चार बोटं बाकी आहेत."