प्रात्यक्षिक तास

विद्यापीठाची जाहिरात आली तेव्हा मी तिथंच तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. इंदापूरहून बारामतीला रोज एसटीनं जायचं, त्याला नऊ वर्षं झाली होती. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढीच बाई. सुट्टी लागली की मी कुणीच नाही. जाहिरातीत डेटा सायन्सच्या, हेल्थ इन्फर्मॅटिक्सच्या भरपूर जागा होत्या आणि अगदी तळाला भाषा शिक्षणाची एक. कायमची. त्या एका जागेत माझा जीव अडकला.

मुलाखतीला गेलं की जागा कुणाची ठरलीय हे आधी विचारायची आमच्यात रीत आहे. नवरदेव ठरलेला असतो, बाकीचे वऱ्हाडी. राग येतो, पण निदान मनाची तयारी होते. त्या दिवशी व्हरांड्यात आम्ही वीसेक जण होतो आणि नवरदेव कुणालाच माहीत नव्हता. शेवटी मी शिपाई तात्यांना गाठलं. त्यांना आतलं सगळं ठाऊक असायचं.

"म्याडम, कुणाचंच ठरल्यालं न्हाय," ते हळूच म्हणाले. "मला काय हे बरं दिसत न्हाय. तुमी जपून ऱ्हावा."

मी हरखले. पुढचं मी कानाआड केलं, त्याची चीड अजून येते.

आत प्रात्यक्षिक तास घ्यायचा होता. एरवी दहा मिनिटांत "पुरे" म्हणतात. या वेळी कुणी थांबवलंच नाही. कोपऱ्यात कॅमेरा चालू होता. "फक्त नोंदीसाठी," असं सांगितलं. नोकरीचा अर्ज कसा लिहावा, हा माझा हातखंडा विषय. माझे ठरलेले विनोद, मुलं कुठं अडखळतात, त्यावरच्या युक्त्या, सगळं ओतलं. मधूनमधून सवयीनं थांबून विचारायचे, "समजलं का?" समितीतले एक सर मान डोलवायचे, की मी पुढं. शेवटी त्यांनी माझी टिपणांची वहीही ठेवून घेतली. मला वाटलं, काम झालं.

बाकीच्या जागा भरल्या. आमची रद्द झाली. योग्य उमेदवार मिळाला नाही म्हणे.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. त्यात माझा तास होता, माझं नाव नव्हतं. चुकून राहिलं असेल म्हणून मी खडू घेऊन वर्गाकडं गेले. दार लोटलं तर भिंतीवरच्या पडद्यावर मीच शिकवत होते, मुलाखतीची निळी साडी नेसून. मुलं एकदा माझ्याकडं, एकदा पडद्याकडं बघायला लागली.

"समजलं का?" पडद्यावरच्या बाईनं थांबून विचारलं.

"न्हाय म्याडम," शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

मी दारातून बोलायला तोंड उघडलं, तोवर ती बाई हसून पुढच्या मुद्द्यावर गेली होती.