न नेलेली पुस्तकं

चौबे कॉलोनीतल्या आमच्या बाइंडिंगवाल्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. ऑफिसला जाता-येता दिसतात. पुठ्ठ्यावर जरीचं कापड चढवताना श्वास रोखून धरतात, आणि सुरकुती न पडता ते बसलं की स्वतःलाच होकार दिल्यासारखं "हव" म्हणतात. ऐकायला दुकानात दुसरं कोणी नसतंच.

रविवारी मात्र ते नवं काम घेत नाहीत. लोकांनी बांधायला टाकलेली आणि कधीच न नेलेली पुस्तकं फळीवरून काढतात आणि एकेक पान उलटत बसतात. "बंद राहिलं का पाठ आखडते, ताई. मंग उघडायले गेलं का मोडते."

त्या फळीवर माझ्या लग्नाचा अल्बमही आहे. माझ्याच शालूचा काठ लावून बांधायला दिला होता. तो तयार होईपर्यंत आम्ही वेगळे झालो, आणि मी आणायला गेलेच नाही. काकांनी एकदाही हटकलं नाही.

परवा रविवारी तोच त्यांच्या मांडीवर उघडा होता. मी पायरीशी थबकले. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमच्यानं पाहवत नसन, ताई," ते म्हणाले, "मी पाहून राहिलो न."