डोंगराकडे वळणारी खुर्ची

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, रहीमचाचाही गेला. ज्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली असती ते सगळे गेले, तेव्हा कुठे माझं तोंड उघडतंय. बघा — इथेही माझा भित्रेपणाच.

मी नंदुरबारचा लोहार. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायची, हा माझा धंदा. रहीमचाचा सुतार. पायांनी अधू झालेल्यांसाठी आम्ही दोघं चाकांच्या खुर्च्या करायचो आणि फुकट द्यायचो. गल्लीतले दोन-चार जण त्या गावोगाव पोचवायचे. लोक आम्हाला देवमाणसं म्हणायचे. मला ते आवडायचं — नको तितकं आवडायचं.

पुढे ती पहिली मोठी लढाई सुरू झाली आणि लोखंड मिळेनासं झालं. आमचं काम बंद पडलं. पण त्याआधीच सारंगखेड्याजवळच्या एका गुजर घरात मी शब्द देऊन बसलो होतो. तिथल्या जमनाबाईचे पाय पहिल्याच बाळंतपणात गेलेले. मुलगी रांगायला लागली तरी आई खाटेवरच. मी दिसलो की ती काही मागायची नाही, नुसती माझ्यामागे गाडीत काय आहे ते बघायची. असा शब्द मोडायचा कसा? देवमाणूस ना मी!

अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्याच्या डोंगरातल्या एका म्हाताऱ्याला आम्ही पूर्वी खुर्ची दिली होती. तो वारल्याचं कळलं, तशी मी ती आणायला गेलो. त्याच्या मुलांनी मला जेवू घातलं आणि मोडक्यातोडक्या बोलीत समजावलं, की मेलेल्याच्या वस्तू त्याच्याबरोबर जातात. त्याचं धनुष्य, पाण्याचा भोपळा आणि खुर्ची, सगळं त्यांनी नाल्याकाठी, जाळलं त्या जागेवर ठेवलं होतं. बापाला आता तिकडे हिंडता येईल, असं थोरला म्हणाला. किती समाधान होतं त्याच्या चेहऱ्यावर! मी मान डोलावली, बरं केलंत म्हणालो. आणि उतरताना बैल नाल्याकडे वळवले.

भर दुपार होती. खुर्ची राखेपासून बरीच लांब उभी होती. मुलांनी ती खांद्यावरून आणली होती, तरी राखेभोवती तिच्या चाकांचे माग उमटलेले होते, एकावर एक, पुष्कळ. वाऱ्याने ढकलली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बैठकीला हात लावला तर ती गरम. उन्हात गरम असणारच, नाही का? पण सावलीत उभी होती हो ती.

तरीही मी ती गाडीत टाकली. चाचाला सांगितलं, घरच्यांनी खुशीने परत दिली. हिरवा रंग मारला आणि जमनाबाईकडे नेली — नवी कोरी म्हणून.

सुरुवातीला काय आनंद त्या घरात! मुलीला मांडीवर घेऊन ती कपाशीच्या बांधापर्यंत जाऊन आली. नंतर कुरकुर माझ्या कानावर यायला लागली. म्हणे खुर्ची घराकडे तोंड करून ठेवली तरी सकाळी सातपुड्याकडे वळलेली असते. मांडीवर पोर नसतानाही बसल्यावर जड वाटतं. कोणीतरी आधीच बसलेलं असावं, आणि त्याने हिला जागा करून द्यावी, तसं. सासूने भगत आणला, धुरी दिली. नवरा म्हणाला, रोज बसली की हे भास मोडतील, आणि रोज सकाळी तिला धोतराच्या पट्टीने खुर्चीला बांधायला लागला.

शेवटी तिने मला बोलावून घेतलं. घरच्यांना बाहेर जायला सांगितलं. मनगटांवर वळ होते. आवाज मात्र अगदी शांत.

"भाऊ, एक डाव खरं सांगी दे. हाई खुर्चीवर आधी कोन बठेल व्हतं? माले त्यानं भेव वाटत नही. तू सांगशी त मी त्यानासंगे बठी ऱ्हासू. मी येडी व्हयी गऊ का, यानं भेव वाटस."

किती थोडं मागत होती ती! खुर्ची परत ने म्हणाली नाही, मला दोष दिला नाही. एक नाव मागितलं. माझ्या जिभेवर आलंही होतं ते. पण चाचाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि गावोगावचे, मला देवमाणूस म्हणणारे ते सगळे. मी म्हणालो, "कोणी नाही, वहिनी. मी माझ्या हातांनी नवी केली."

मग हळूच म्हणाली, "मंग मीच येडी शे."

त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही. माझ्याच शब्दावर तिने स्वतःला वेडी मानलं. ती पुष्कळ जगली — हे मी मुद्दाम सांगतो, कारण एखाद्या वर्षात गेली असती तर मला बरं वाटलं असतं, असं मनात येऊन गेलंय माझ्या.

पुढे तिच्या मुलीला स्थळ आलं. नवापूरकडची चांगली माणसं. ओळखीचा, शब्दाचा माणूस म्हणून मलाही बैठकीत बसवलेलं. मुलाच्या बापाने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, मुलीची आई जन्माची वेडी, की काही कारण घडलं? कारण घडलं असेल तर आमची काही हरकत नाही, रक्तातलंच असेल तर मात्र जमायचं नाही, म्हणाला. आतल्या दाराशी जमनाबाई त्याच खुर्चीत होती. ऐकत होती.

मी म्हणालो, कारण काही नाही. ती पहिल्यापासूनच तशी.