अडीच वाजताची नोंद

साखरखेर्ड्यात आज ऊन किती पडलं हे ठरवायचा अधिकार सूर्याला नसून माझ्या साडूंना आहे, हे मी गेली चौतीस वर्षं मान्य करत आलो आहे. मान्य केल्यावाचून इलाजच नव्हता. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांच्याकडे, धाकटी माझ्याकडे. म्हणजे वादात मी मुळातच एक पायरी खाली. त्यातून ते तिथल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे आणि मी दुसरबीडला जीवशास्त्र. पदार्थविज्ञानवाल्या माणसाच्या लेखी जीवशास्त्र म्हणजे चित्रकलेचा तास, फक्त चित्राखाली लॅटिन नावं लिहायची. हे त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत ऐकवलं होतं, आणि ऐकवता ऐकवता माझ्या पानातली जिलेबी उचलून खाल्ली होती.

ज्या वर्षी माझं लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी घर बांधलं. घराला रंग लागायच्या आधी उत्तरेच्या भिंतीवर, ओसरीच्या बाहेर, छातीच्या उंचीवर एक खिळा ठोकला आणि त्याला थर्मामीटर टांगलं. रोज दुपारी अडीच वाजता पारा वाचायचा आणि वहीत लिहायचा. रोज म्हणजे रोज. शाळा घरामागेच, त्यामुळे नोकरीत असताना वर्गाला गणित घालून ते येऊन जात. आपण कधी गेलो की जयभीम म्हणायच्या आधी कालचं आणि आजचं तापमान सांगत. थोरल्या मुलीच्या लग्नात साडेबाराचं लग्न दोनपर्यंत लागलं नाही, तेव्हा दोन वीसला वधूपिता मांडवातून गायब झाले. वरपक्षाची मंडळी घाबरली. मानपानात आपलंच काही चुकलं असं समजून नवरदेवाचे काका त्यांची समजूत काढायला घरापर्यंत धावत गेले. तिथे साडू भिंतीपुढे उभे, फेटा काखेत, एक डोळा मिटलेला. "जरा बाजूले सरका," ते काकांना म्हणाले, "तुमच्या अंगाची गर्मी लागून राह्यली त्याले."

त्या खिळ्याच्या आसपास कुणाला काही बदलायची मुभा नव्हती. पुढे घराला आणखी दोनदा रंग दिला, पण थर्मामीटरभोवतीचा हातभर चौकोन जुन्याच निळ्या रंगाचा राहिला. ताईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, ओसरीवरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं कितीदा सुचवलं. साडूंचं उत्तर ठरलेलं: "कंडिशन बदलली का तुलना खलास!" ताई बिचाऱ्या पावसाळाभर पत्र्यांचा ताशा ऐकत बसत. मी एकदा नुसती त्या भिंतीला पाठ टेकली, तर मला लहान पोरासारखं दंडाला धरून उठवलं होतं.

एवढं सगळं करून वहीतून निघालं काय? तर साखरखेर्ड्याचं तापमान वाढलेलं नाही. सगळं जग ओरडतंय, पेपरात रोज छापून येतंय, मी शाळेत तेच शिकवतोय आणि माझे सख्खे साडू, विज्ञानाचे पदवीधर, वहीवर बोट ठेवून म्हणतात, वाढलेलं नाही! उलट किंचित उतरलंय. दर मे महिन्यात आमची यावरून जुंपायची. मी म्हणायचो, "साडूभाऊ, जगभरच्या नोंदी आहेत." ते म्हणायचे, "जगाचं जग पाहून घेईल. मी माह्या गावाचं बोलून राह्यलो." मग मी माझं सांगायचो: आंब्याला भलत्याच वेळी मोहोर येतोय, मार्चमध्ये गारा पडतायत, अमुक पाखरू दिसेनासं झालंय. यावर ते इतक्या दयेनं हसायचे की माझं डोकंच फिरायचं. "हे निरीक्षण झालं," ते म्हणायचे, "मोजमाप नाई. पाखरू दिसत नाई तं तुमचा चश्मा तपासा." खरं सांगायचं तर त्यांच्या नोंदीत खोट काढावी असं माझ्या फार मनात होतं. पण एक दिवस चुकलेला नाही, एक आकडा खोडलेला नाही. असल्या माणसाशी काय बोलणार, डोंबल!

मागच्या मे महिन्यात त्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मेळावा ठरवला आणि सरांनी गावाच्या तापमानावर बोलावं अशी गळ घातली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या वह्या मागितल्या होत्या. साडूंना झोप येईना. आलेखाचे कागद डिंकाने चिकटवून त्यांनी बाजेच्या लांबीची पट्टी केली आणि ती धरायला मला आदल्या दिवशी बोलावलं. मी गेलो तेव्हा ते नव्या सदऱ्यात बसून भाषण पाठ करत होते. "डॉक्टर, इंजिनेर, कृषी अधिकारी, समदे येऊन राह्यले," ते म्हणाले. "उद्या तुमीबी ऐकजा. सोक्षमोक्ष होऊन जाईल." चेहरा असा खुलला होता की आता सांगतानाही मला बरं वाटतं.

जेवणं झाली आणि लाइट गेली. ओसरीत बसवेना. ताईंनी अंगणातल्या कडुनिंबाखाली बाज ओढली आणि मला हाक मारली, "भाऊजी, इकडं या. इथं लय गार लागते." मी जाऊन टेकलो. खरंच गार होतं. कडुनिंब मोठा डेरेदार, घर बांधल्याच्या दुसऱ्या वर्षी मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलेला. ताईंनी भांड्याचं पाणी घालून वाढवलेला. वर पाहिलं. एक फांदी ओसरीच्या पत्र्यावर, दुसरी थेट उत्तरेच्या भिंतीवर झुकलेली. आणि माझ्या हाताच्या अंतरावर, त्याच गार सावलीत, निळा चौकोन आणि खिळा.

तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की झाड पानांतून पाणी सोडतं आणि भोवतालची हवा थंड करतं. तीस वर्षं मी त्या अंगणात चहा प्यायलो. आणि मला ते त्या दुपारी कळलं! रोपटं असताना भिंतीसमोरचं अंगण उघडं तापायचं. झाड वाढत गेलं तसं अंगणही निवत गेलं आणि भिंतही. गाव तापत होतं की नाही देव जाणे, झाड मात्र दरवर्षी त्याची वजाबाकी करत होतं. रंग नको, स्लॅब नको, पाठ टेकायची नाही, सगळा बंदोबस्त केला. पण जे आपोआप बदलत होतं त्याच्याकडे आम्हा दोन शास्त्रवाल्यांपैकी एकाचंही लक्ष गेलं नव्हतं.

आधी मला आनंद झाला, हे कबूल करतो. चौतीस वर्षांनी हातात हुकमी पान आलं होतं. मग आतून भाषण पाठ करत असल्याचा आवाज आला आणि तो आनंद ओसरला. सांगितलं तर माणसाचं आयुष्यभराचं काम मातीत. न सांगितलं तर उद्या भर मांडवात त्यांच्याच हाताखाली शिकलेला एखादा कृषी अधिकारी उठून विचारणार. कदाचित कुणी विचारलंही नसतं. पण मग मी त्यांच्यासमोर पुन्हा कोणत्या तोंडाने बसलो असतो? मी उठलो, आत गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

त्यांनी कपाटातून शाळेचं जुनं थर्मामीटर काढलं, भिंतीवरच्याशी ताडून पाहिलं आणि घराच्या पलीकडच्या अंगाला, जिथे झाड नाही, तिथे उत्तरेकडेच तोंड करून टांगलं. अडीच वाजता दोन्ही वाचली. पाच मिनिटं थांबून परत वाचली. परत एकदा वाचली. फरक सांगायची गरज नव्हती, तो त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरूनच दिसत होता. ताई बाजेवरून म्हणाल्या, "झाडाखाली गार राहते, हे तं मले पह्यलेपासून माहीत हाये." साडू वळले. "मंग सांगितलं काऊन नाई?" "तुमी विचारलं कवा?" ताई म्हणाल्या. "मले वाटलं, शास्त्रात त्याचा हिशेब धरला असंल."

संध्याकाळपर्यंत त्यांनी चौतीस वह्या ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवरचं 'साखरखेर्डा: दैनिक तापमान' हे नाव एका रेघेनं खोडून खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कडुनिंबाखालील तापमान'. आतला एकही आकडा खोडला नाही. दुसऱ्या दिवशी मांडवात मी पट्टी धरली आणि ते बोलले. "पोरंहो, मी चौतीस वर्षं एक झाड वाढताना मोजलं, आन् तुमाले सांगत राह्यलो का गाव तापलं नाई. माहं चुकलं. गाव तापलं का, हे मले आजबी माहीत नाई." टाळ्या खूप झाल्या. खाली उतरताना माझ्या कानात म्हणाले, "याच्यानं तुमचं म्हणणं सिद्ध झालं असं समजू नका." मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

पण नंतर ते वाद घालेनासे झाले. मी मुद्दाम पेपर वाचून दाखवायचो, आंब्याच्या मोहोराचा विषय काढायचो. ते नुसते ऐकायचे. "माह्यापाशी नोंद नाई," म्हणायचे. मला इतकं नमतं घेणारे साडू नको होते, अगदी करमेना.

परवा गेलो तर शेताच्या मोकळ्या बांधावर, झाडापासून दूर, पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी उभी होती आणि आत थर्मामीटर. साडू आता बहात्तर वर्षांचे आहेत. मी गमतीनं विचारलं, या वहीवर मत कधी देणार? ते शांतपणे म्हणाले, "तीस वर्षं तं लागतीनच. त्याच्याआधी बोलनं बरोबर नाई." मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण त्यांनी नवी वही माझ्यापुढे उघडली होती. पहिल्या पानावर 'निरीक्षक' असं लिहून खाली त्यांचं नाव होतं. त्याच्या खाली, मला न विचारता, माझं होतं. मी आठ वर्षांनी लहान आहे, हे त्यांनी हिशेबात धरलेलं दिसत होतं. माझ्या नावाखाली पट्टीनं आखलेली आणखी एक ओळ होती, ती कोरी सोडलेली.

"पेन आहे का जवळ?" त्यांनी विचारलं. "अडीच वाजून राह्यले."