तीन वेळा उसवलेली पँट

मास्तरांनी जन्मात दारू चाखली नव्हती. कपडे शिवावेत तर त्यांनीच. शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको काजं-बटणं करायची.

शिवणीत कापड राखून ठेवावं, गिऱ्हाईक कायम एका मापाचं राहत नाही, असं ते सांगायचे. स्वतःची पँट तंग झाली, तेव्हा त्यांनी ती बायकोपुढे सरकवली. बसून बसून पोट सुटलंय, अर्धा इंच सोड. तिने सोडली. महिन्याने पुन्हा.

"अहो, तुमच्या आधी तुमचं पोट दुकानात पोचतं," ती म्हणाली. दोघं हसले.

तिसऱ्यांदा उसवताना तिला दिसलं, त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या लोंबतायत. दंड बारीक, कंबर मोठी. मापांत जन्म गेलेल्यांना तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांनी बाह्या आवळल्या, कंबर सोडली. मध्यंतरी दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं होतं, ते तर नॉर्मल होतं.

मग एका सकाळी मशीनवरच त्यांना रक्ताची उलटी झाली.

इस्पितळात आधी सगळ्यांनी विचारलं, किती प्यायचे? डॉक्टरीणबाईंनी मात्र कागदावर आकृती काढली. न पिताही यकृत कडक होतं, म्हणाल्या. आतड्यांकडून एक मोठी शीर तिथे रक्त नेते. वाट अडली, की त्या शिरेतला दाब वाढतो. तो दंडावर मोजता येत नाही. पोटात पाणी साचतं, आणि या आजारात हातपाय मात्र वाळत जातात. रक्त आडवाटेने अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत शिरतं, त्या फुगतात, एखादी फुटते. फुटण्याआधी कळलं, तर गोळ्या देता येतात, शिरांना रबरी कड्या घालता येतात.

"पोट कधीपासून वाढतंय?"

"पहिल्यांदा उसवली तेव्हापासून," ती म्हणाली. बाईंना कळलं नाही.

कड्या घातल्या. रक्त थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मास्तर गेले.

महिन्याभराने तिने दुकान उघडलं. एक जुनं गिऱ्हाईक पँट घेऊन आलं. खातापिता माणूस आहे मी वहिनी, कंबर जरा सोडा, म्हणालं.

तिने कात्री उचलली. परत ठेवली. टेप घेऊन आधी त्याचा दंड मोजला, मग मास्तरांच्या वहीत त्याचं जुनं माप शोधलं. दंड दीड इंच कमी झाला होता.

"आधी डॉक्टरांना पोट दाखवून या, भाऊ," ती म्हणाली. "तोवर मी ही उसवणार नाही."