ताईनं साफ केलेले चेहरे

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीला काळा कागद लावून, ताई माणसांची वयं कमी करायची. कामच होतं ते तिचं. पुढे फोटो काढला की तो मागे तिच्या स्क्रीनवर यायचा, आणि मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचे डाग, गळ्याच्या वळ्या सगळं साफ. हात असा बसलेला की बोलता बोलता दहा वर्षं उतरवायची. "मला सुनेपेक्षा लहान दिसायचंय हं," असं सांगणाऱ्या बाईला ती म्हणायची, "घरचे ओळखणार नाहीत, मग माझ्या नावानं बोंब मारू नका!"

पण तिच्या स्वतःच्या घरात म्हातारपण असं शिरलं होतं, की त्याच्यापुढे सगळ्यांनी हात टेकले.

दादा तिचा थोरला भाऊ. शाळेत असतानाच त्याची उंची थांबली. पंचविशीत केस पांढरे झाले, आवाज चिरका झाला, मग मोतीबिंदू, मग पायाची जखम जी भरेचना. आईबरोबर दवाखान्यात गेला की लोक आईलाच विचारायचे, "यजमानांना काय झालंय?" चाळिशी ओलांडली नाही तोच गेला, आणि गेला तो पार म्हातारा होऊन. ताई त्याचा फोटो मोठा करत होती तेव्हा मालकांनी विचारलं, "वडील का?" ताई "हो" म्हणाली. काय सांगणार होती हो ती?

दादाच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर दोघी बहिणींना समोर बसवून समजावलं होतं. "प्रत्येकाच्या पेशीतला डीएनए रोज तुटत असतो. उन्हानं, धुरानं, नुसतं जगण्यानंसुद्धा. पेशी तो रोज दुरुस्त करते, म्हणून आपण सावकाश म्हातारे होतो. तुमच्या भावाच्या शरीरात त्या दुरुस्तीला लागणारं एक प्रथिन तयारच होत नव्हतं. मोडतोड साचत गेली. म्हणून म्हातारपण लवकर आलं, आणि म्हातारपणातले आजारही." आईकडून त्या प्रथिनाच्या जनुकाची एक बिघडलेली प्रत आणि वडिलांकडूनही एक, अशा दोन्ही आल्या तरच हा आजार होतो. ताईनं रक्त तपासून घेतलं. तिच्यात एकच निघाली, ती सुटली. धाकटीनं मात्र साफ नकार दिला. "मला नाही कळून घ्यायचं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी येईल."

"बरं, मग निदान दरवर्षी एक फोटो तरी पाठवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चेहऱ्यात फरक दिसला की लगेच लक्ष घालू. डोळे, साखर, हृदय, कॅन्सर. यातलं बरंच वेळेवर सापडलं तर सांभाळता येतं."

फोटो ताईच काढायची. पहिली दोन वर्षं ठीक गेली. तिसऱ्या वर्षी स्क्रीनवर धाकटीच्या नाकाच्या बाजूची कातडी ओढल्यासारखी दिसली, आणि तिथून दादा डोकावला. अगदी तोच! उजेड वाईट पडला असेल, असं म्हणत तिनं हात फिरवला, दादा गेला, आणि सवयीनं त्याच फोटोवर सेव्ह केलं. पुढच्या वर्षी तो कपाळावर आला. मग कानशिलावरच्या केसांत. ताई त्याला दरवर्षी पुसायची आणि दरवर्षी फोटो पाठवायची. उत्तर यायचं, "फरक नाही, छान." ते वाचून तिला खरंच बरं वाटायचं. वेडी बाई! स्वतःच्याच हातचं काम, आणि त्याच्यावरच विश्वास.

या वर्षी धाकटी बसमधून उतरताना पडली. पायरी दिसलीच नाही तिला. ताई तिला घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. मग चेहरा बघितला, मग संगणकावर एकेक फोटो उघडला. "ह्या फोटोतली मुलगी आणि ही समोरची..." त्या थांबल्या. "मूळ फोटो आहेत ना?"

"नाहीत," ताई म्हणाली. "त्याच्यावरच सेव्ह केले मी."

"मग हे सुरू कधी झालं? मला वर्ष कळायला हवं होतं हो!"

ते वर्ष तर ताईनंच पुसून टाकलं होतं.

"सुरू होऊन हे पाचवं वर्ष," धाकटी म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"अशा काय बघताय? घरी आरसा आहे की. फोटो पाठवायच्या आधी ताई मला दाखवायची, तेव्हाच कळायचं काय काय गेलंय ते." ती ताईकडे वळली. "मी बोलले नाही. म्हटलं, हिनं एकदा दादाला असं जाताना बघितलंय. हिला तरी पुन्हा दिसायला नको."

ताईला हुंदका आवरेना.

धाकटीनं बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "घ्या रक्त. आणि ए ताई, रडू नकोस गं. तू रडलीस की मलाही रडू येतं, आणि मला आधीच कमी दिसतंय."