पळसाची पानं आणि माझी पदवी

सर्व संबंधितांना गंभीरपणे कळवण्यात येतं की, पन्नासच्या दशकात चिमूरकडच्या आमच्या गावातल्या तेरा लेकरांची बोटं चपळ झाली, त्याचं संपूर्ण श्रेय माझं आहे! (निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.)

मी नवी सून. नागपूरला महिनाभर बालवाडीचं प्रशिक्षण घेऊन आलेली. आधी खेळातून बोटांना वळण, मग पाटी-पेन्सिल, असं तिथं शिकले होते. गावातली लेकरं जमवून आमच्याच घरी बालवाडी भरवली, पण खेळणी कुठली? मी जुन्या, वाळक्या पत्रावळी घेतल्या.

"पान न फाडता काडी काढायची. काड्या इकडे, पानं तिकडे. फाडेल तो बाद!"

सासूबाई बघतच राहिल्या. "अवं, लोकं पत्रावळी लावाले शिकवतात. तू उसवाले काऊन शिकवून राह्यली?"

"आई, यालाच शिक्षण म्हणतात!" मी नागपुरी तोऱ्यात म्हणाले.

आठवड्याने माझ्या नणंदेला, शेवंताला बघायला पाहुणे आले. मुलगा तिने जत्रेत पाहिला होता आणि तिला तो फार आवडला होता. सासूबाईंनी बजावलं, "आज काई घोळ घालू नको, माय!" मी शहाणपणाने मुलांना माजघरात बसवलं आणि खेळायला सांगितलं.

पाच पाहुणे पाय धुऊन पंगतीला बसले. भात वाफाळत होता. मी पत्रावळी आणायला आत गेले, तर कालच लावलेल्या ताज्या पत्रावळींच्या जागी दोन नीटनेटके ढीग! एक पानांचा, एक काड्यांचा.

"बाई, एकबी पान नाई फाटलं!" चार वर्षांची बायजा अभिमानाने म्हणाली.

"अगं, ह्या काऊन उसवल्या?" (घाबरल्यावर माझं नागपूर तत्काळ गळून पडत असे.)

"तुमीच त सांगतलं नं जी!"

बाहेरून हाक आली, "सूनबाई, पत्रावळी आण!" दाराआड शेवंता रडकुंडीला आली होती. मी बसले लावायला. पहिलं पान फाटलं. दुसरी काडी माझ्या अंगठ्यात घुसली!

"सरका जी," म्हणत बायजाने पान ओढलं. टच, टच, टच! बाकीची लेकरंही सरसावली. आयांच्या मांडीवर बसून पत्रावळी लावणं रोज पाहिलेलं ना! बघता बघता पाच पत्रावळी तयार.

मुलाचे वडील कधी दारात येऊन उभे राहिले, कळलंच नाही. पोट धरून हसत ते म्हणाले, "वा! ज्या घरात एवढीशी लेकरं एवढी हुशार, तिथली पोरगी आमाले पसंत हाय!"

शेवंता लाजून पळाली. मी पदर सावरून मान ताठ केली.

"कोणं शिकवलं रे तुमाले?" त्यांनी विचारलं.

मी नम्रपणे तोंड उघडणार, एवढ्यात बायजा ओरडली, "बाईले काईच येत नाई जी! आमीच शिकवून राह्यलो तिले!"